येथे बसू नये

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात. पुढेमागे कोणी माझ्यावर पुस्तक लिहायला घेतलं तर मटेरियल तयार पाहिजे.

नियम पहिला: भाषा प्रमाण. पुण्यात बारा वर्षं काढून दिग्रसला परत आलो म्हणून 'मले-तुले'वर घसरायचं नाही. क्लायंटसमोर तर मुळीच नाही.

आज ऑफिसचं उद्घाटन. 'अश्वजित बिझनेस सोल्युशन्स. लघुउद्योगांना व्यवस्थापन व कार्यपद्धती सल्ला.' ऑफिस म्हणजे तूर्त आमच्या घराची समोरची खोली, पण बोर्ड खोलीपेक्षा मोठा आहे. फीत ममताने कापली. ममता म्हणजे माझी पत्नी, नर्स, आणि सध्या घरातली एकटी कमावती. यात 'सध्या' हा शब्द महत्त्वाचा. तिला ड्यूटीवर जायचं होतं म्हणून तिने फीत चालता चालताच कापली.

जाताना म्हणाली, मिरगापर्यंत टाइम देतो तुमाले. सात जूनपर्यंत घराबाहेरचं एक तरी गिऱ्हाईक दाखवा, नाही तर संघर्षदादा म्हणते ती लोहाऱ्याची नोकरी धरा. संघर्ष तिचा भाऊ, यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आहे. नोकरी गेटपास लिहायची. पुण्यात मी कोणत्या लेव्हलला होतो हे या लोकांना कळलेलंच नाही. मी ऑपरेशन्समध्ये होतो. माझ्या सहीशिवाय एक ट्रक गेटच्या आत येत नव्हता की बाहेर जात नव्हता.

६ मार्च, गुरुवार
तीन मीटिंग झाल्या.

१. विठ्ठलराव, बसस्टँडसमोर तर्री-पोह्यांचा ठेला. सकाळी तिथे एवढी गर्दी की रांग नसतेच, नुसता घोळका. त्यांना रांगेचं व्यवस्थापन समजावून सांगितलं. ते म्हणाले, तर्री जास्त का कमी. मी म्हटलं मी रांगेबद्दल बोलतो आहे. त्यांनी जास्त टाकली. विठ्ठलरावांची तर्री तिखटपणासाठी सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध आहे. डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला पुढचे मुद्दे वाचता आले नाहीत.

२. सलूनवाला. मला खुर्चीत बसवून त्याने सगळं शांतपणे ऐकलं. बोलणं संपेपर्यंत कटिंग झाली होती.

३. सायकल दुरुस्ती. दुकान बंद होतं. हीच तर समस्या आहे.

एकूण प्रगती समाधानकारक.

१७ मार्च, सोमवार
क्लायंट शून्य. कारण मार्च एंड, सगळे बिझी. एप्रिलमध्ये तुटून पडतील.

हजार व्हिजिटिंग कार्डं छापून आली. एका बाजूला नाव आणि मोबाइल, मागची बाजू कोरी. कोऱ्या जागेत क्लास असतो. आतापर्यंत वाटली चौदा. पंधरावं ममताने दाराच्या फटीत अडकवलं, दार वाऱ्याने आपटतं म्हणून.

निश्चय: पाचला उठणं. रोज दहा कार्डं. चहा बंद.

१८ मार्च
उठलो ८.४०. चहा घेतला. बंद करण्याआधी आपण किती पितो याचा डेटा पाहिजे.

२० मार्च, गुरुवार
पहिला क्लायंट मिळाला.

नाव कांताबाई. व्यवसाय मिरची कांडप, घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये, बावीस वर्षांपासून. नातं: सासूबाई. हा मुद्दा रिपोर्टमध्ये घ्यायची गरज नाही.

ममताने आठवण करून दिली की गिऱ्हाईक घराबाहेरचं ठरलं होतं. मी म्हटलं, तुझी आई चौकापलीकडे राहते, घर वेगळं, विजेचं मीटर वेगळं. ती पिशवी उचलून ड्यूटीला निघाली. म्हणजे मान्य.

सासूबाईंना मी एवढंच म्हटलं होतं की तुमच्या व्यवसायाचा फुकटात अभ्यास करून देतो. त्या म्हणाल्या, करा बाप्पा जवाईबापू, नुसतं बसल्यापेक्षा बरं. एका अशिक्षित बाईला वेळेची किंमत आपोआप कळते, हे मला फार आवडलं.

२४ मार्च, सोमवार. दुपारी ४
सहा तास टाइम स्टडी केली. स्टॉपवॉच, पॅड, दोन पेन. नाकाला रुमाल.

पद्धत अशी. बायका आपापली मिरची पोत्यात घेऊन येतात. कडुनिंबाखाली ताडपत्री अंथरलेली असते, तिच्यावर बसून देठं तोडतात. नंबर लागला की मशीनसमोर उभ्या राहतात. लोखंडी मुसळं वरखाली होतात, शीला मिरची आत टाकते आणि चाळते. शीला सासूबाईंच्या हाताखाली अकरा वर्षं आहे. शेवटची चिमूट डब्यात पडेपर्यंत जिची मिरची ती बाई मशीनवरून नजर काढत नाही.

एका बाईचा सरासरी मुक्काम २ तास ४० मिनिटं. त्यात प्रत्यक्ष कांडप १२ मिनिटं. बाकी: देठं ३५, गप्पा ५८, डबा खाणं २०, दुसरीच्या मिरचीला नावं ठेवणं २५, काहीही न करणं १०.

म्हणजे ९२ टक्के वेळ वाया. मी हादरून गेलो.

गप्पांत तीन बायकांनी आपल्या बहिणींची आणि नणंदांची मिरचीही इथेच आणायचं ठरवलं. हे विषयाला सोडून असल्यामुळे कुठेच धरलं नाही.

सासूबाईंना विचारलं, या बायका मिरची ठेवून घरी का जात नाहीत. त्या म्हणाल्या, आपली मिरची सोडून कायले जातीन, वर्षाचं तिखट होय ते. याला उत्तर म्हणत नाहीत, याला माइंडसेट म्हणतात.

शिंका: एकोणीस. त्यातल्या दोन वेळा स्टॉपवॉच दाबलं गेलं. रिपोर्टमध्ये 'किरकोळ त्रुटी' म्हणून टाकीन.

२ एप्रिल, बुधवार
रिपोर्ट सादर केला. ४१ पानं, स्पायरल बाइंडिंग, रंगीत आलेख. मुख्य शिफारशी: अ) ग्राहकांचं बसणं बंद. टोकन घ्या, मिरची ठेवा, संध्याकाळी तिखट न्या. ब) थोडी थोडी मिरची वेगवेगळी न कांडता एकत्र घाणा काढायचा आणि वजनाप्रमाणे वाटून द्यायचा. वेळेची बचत ६८ टक्के. क) नवीन नाव, 'के. बी. स्पाइस प्रोसेसिंग युनिट'.

सासूबाईंनी रिपोर्ट दोन्ही हातांनी घेतला, जाडी पाहिली आणि छान आहे म्हणाल्या. संध्याकाळी पाहिलं तर मशीनचा जो पाय बरेच दिवस हलत होता त्याच्याखाली तो ठेवलेला होता. मशीन आता हलत नाही. अंमलबजावणी सुरू झाली, असं मी समजतो.

दुसरी चांगली बातमी. त्यांनी माझी कार्डं मागितली. मागची बाजू कोरी आहे, त्यावर शीला बाईचं नाव, गाव, किलो आणि खाली 'कांताबाईचं कांडप' असं लिहून पोत्यात टाकते, म्हणजे अदलाबदल होत नाही. एका दमात सातशे कार्डं गेली. घरोघर माझा मोबाइल नंबर पोहोचणार, तोही थेट स्वयंपाकघरात.

१४ एप्रिल, सोमवार
बाबासाहेबांची जयंती. मिरवणूक सुंदर, पण वेळापत्रक नाही. पाणीवाटप आणि ढोलपथक एकाच चौकात आल्यामुळे खोळंबा झाला. संघर्ष यवतमाळहून आला होता, त्याला सुधारणा सुचवल्या. त्याने मनापासून ऐकलं आणि माझ्या हातात झेंडा दिला. चार तास धरून उभा होतो. खांदा दुखतो आहे.

सासूबाईंनी रिपोर्टमधली एकही शिफारस लागू केलेली नाही. त्या म्हणतात, सीजन जाऊ द्या. सीजन म्हणजे गुढीपाडव्यापासून मिरगापर्यंत, वर्षाची सगळी कमाई या अडीच महिन्यांतली. मी म्हटलं म्हणूनच घाई करायला हवी.

२१ एप्रिल, सोमवार
मोठी पार्टी आली. बिजलीबाई, तांड्यावरची. बावीस वर्षांत एकदाही चुकली नाही म्हणे, आणि तिच्या मागोमाग तांड्यातली आठ घरं येतात. सोबत मुलगी उज्ज्वला. तिचं चार मेला लग्न आहे. पोत्यात बारा किलो मिरची, लालभडक, तिखटाला मवाळ, रंगाला एक नंबर. या मिरचीचं बी बिजलीबाईच्या आईकडचं. लग्नाचं जेवण या तिखटाचं आणि उरलेलं नवरीसोबत सासरी जातं, वर्षभरासाठी. भावनिक पॅकेजिंग चांगलं आहे, यावर कधी तरी काम करता येईल.

सासूबाई उद्यापासून तीन दिवस मुकुटबनला नात्यातल्या लग्नाला जात आहेत. बिजलीबाईला त्यांनी सांगितलं, पोतं राहू दे, गुरुवारी मी आली का तुह्यासमोर काढून देतो. मला बजावलं, ह्या पोत्याले हात लावू नका.

मग शीलाला म्हणाल्या, जवाईबापू आहेतच, लक्ष देतीन.

म्हणजे तीन दिवसांचा पूर्ण चार्ज माझ्याकडे.

२२ एप्रिल, मंगळवार. सकाळी ७
पाचला उठायचं होतं. पावणेसातला उठलो, पण उत्साहात.

ताडपत्री गुंडाळली. कडुनिंबाला बोर्ड ठोकला: 'येथे बसू नये. टोकन घ्यावे. आदेशावरून.' आदेश कोणाचा ते लिहिलं नाही, त्याने वजन येतं.

दुपारी १
सतरा बायका आल्या. पाच जणींनी टोकन घेतलं. बारा जणींनी बोर्ड वाचून घेतला, एकमेकींकडे पाहिलं आणि मिरची घेऊन परत गेल्या. सुरुवातीची गळती अपेक्षित होती.

शीलाचं म्हणणं, असं केलं तं बाया येनार नाहीत साहेब. मी तिला बदल-व्यवस्थापनाचे चार टप्पे सांगितले. तिने दुसऱ्या टप्प्यावर उद्याची सुट्टी मागितली आणि आज दुपारपासूनच घेतली.

२३ एप्रिल, बुधवार. सायंकाळी ६
ऐतिहासिक दिवस. मशीन मी स्वतः चालवलं.

हातात होतं: विठ्ठलरावांच्या ठेल्याची सात किलो लवंगी, टोकनवाल्यांची तेरा किलो, आणि ते पोतं. रिकामं मशीन आणि पडून असलेला माल एकाच छताखाली पाहणं मला जमत नाही. बिजलीबाई उद्या येणार, तीन तास बसणार, कशासाठी? ती येण्याआधीच तिखट तयार, हा तिच्यासाठी सुखद धक्का ठरेल. सासूबाई 'हात लावू नका' म्हणाल्या होत्या. मी हातमोजे घातले होते.

बत्तीस किलो, एक घाणा मानून सलग काढला. वजनाप्रमाणे वाटून, घटीचा अंश वजा करून, प्रत्येकाच्या डब्यात ग्रॅमसुद्धा इकडेतिकडे नाही. जे काम दिवसभर चाललं असतं ते सव्वादोन तासांत. मिरची ती मिरचीच.

ममताला सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, बिजलीमावशीची पण? मी म्हटलं सगळ्यांची. ती उठून आत गेली.

२४ एप्रिल, गुरुवार
हे लिहिताना मी पूर्ण शांत आहे.

अकरा वाजता बिजलीबाई आणि उज्ज्वला आल्या. डबा समोर ठेवला. ताजा, बंद, नावासह. बिजलीबाईने झाकण काढलं, बोटाच्या टोकावर चिमूट घेतली आणि जिभेला लावली. मी अभिप्रायासाठी पेन काढून ठेवलं होतं.

ती म्हणाली, हे माह्यं नोहे.

मी वजन करून दाखवलं. ती म्हणाली, वजन माह्यं आहे, तिखट माह्यं नोहे. मग मी तिला सरासरीची कल्पना समजावली. उज्ज्वलाने विचारलं, यात आणखी कोणाकोणाची आहे. रजिस्टर पारदर्शक ठेवतो, म्हणून वाचून दाखवलं. पोह्यांच्या ठेल्याचं नाव आलं तेव्हा तिला हसू फुटलं, पण आईकडे पाहून तिने ते आवरलं.

बिजलीबाई ओरडली नाही. ओरडली असती तर माझ्याकडे मुद्दे तयार होते. ती म्हणाली, माह्या आईनं मले देल्लं होतं, मी इले देनार होती. तुम्ही मशीन पाहून राह्यले होते, मिरची कोनी पाह्यली. मग तिने रिकामं पोतं तेवढं झटकून घडी केलं, डबा तिथेच ठेवला आणि दोघी निघून गेल्या.

तीन वाजता सासूबाई एसटीने आल्या. खांद्याला पिशवी तशीच. अंगणात कोणी नाही, ताडपत्री गुंडाळलेली, झाडाला बोर्ड. त्यांनी अक्षर अक्षर जुळवत वाचला. विचारलं, कोनं बसू नये? मी म्हटलं ग्राहकांनी. शीलाने त्यांना सगळं सांगितलं. ती नेमकी तेव्हाच कुठून आली माहीत नाही.

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. बोर्डाखालीच मातीत बसल्या. अर्धा तास बसून होत्या. मी उभाच होतो, कारण बसायचं की नाही हे ठरत नव्हतं.

२५ एप्रिल, शुक्रवार
विठ्ठलराव घरी आले. म्हणाले, सकाळपासून गिऱ्हाईक विचारून राह्यलं का ही तर्री होय का चहा. तालुक्यात पहिल्यांदा कोणी त्यांच्या ठेल्यावर तर्री वाटीने प्यालं म्हणे. मी सुचवलं की लहान मुलांसाठी सौम्य तर्री हा नवीन ग्राहकवर्ग होऊ शकतो. ममताने मला आत बोलावलं आणि बाहेरून कडी लावली. बहुधा चुकून.

आज कांडपावर आलेल्या बायका: दोन. काल: शून्य. वाढ आहे.

पण सासूबाई हिशेब वेगळा लावतात. तांड्याची आठ घरं गेली तर त्यांचं पाहून आजूबाजूची गावंही जातात. बावीस वर्षांत एका बाईनं मले म्हटलं नाही का माह्यं तिखट बदललं, असं म्हणाल्या. तेही मला नाही, मशीनला.

२७ एप्रिल, रविवार
मला न विचारता आमच्या घरची आणि सासूबाईंच्या घरची वर्षाची मिरची पोत्यात भरली गेली. सगळी मिळून तेरा किलो. पोतं माझ्या डोक्यावर. तांड्यापर्यंत ऑटो जातो, पण सासूबाई म्हणाल्या, चालत जाऊ.

तिथे कळलं की त्या आईकडच्या मिरचीचं बी बिजलीबाईने तांड्यातल्या आठही घरांना दिलेलं आहे. सासूबाई घरोघर गेल्या. प्रत्येक दारात एकच वाक्य: माह्या घरून चूक झाली, लेकीच्या लग्नासाठी दीड किलो द्या, बदल्यात ही घ्या. चूक कोणाची ते एकाही दारात सांगितलं नाही. मला वाईट वाटलं. हे मी माझ्यापुरतं लिहितो आहे.

बारा किलो जमली. मध्ये मी या पद्धतीला वस्तुविनिमय मॉडेल म्हणतात असं सांगायला लागलो होतो, तर मला उन्हात पोत्यावर लक्ष ठेवायला उभं केलं.

बिजलीबाई म्हणाली, मंगळवारी कांडा, पन मले याले जमनार नाही, घरी पाहुने हायेत. मग समोर कोन बसन? सासूबाई म्हणाल्या मी. ती म्हणाली, तू मशीनवर राहशीन. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, यायले बसवा. ज्यानं मिसयलं त्यानंच राखावं. तसं बी यायले दुसरं काम नाही.

हे वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही. पण वाद घालायची ती जागा नव्हती.

२९ एप्रिल, मंगळवार
सकाळी ७ ते ११.४०. ताडपत्रीवर बसलो.

वेळेची नोंद: देठं तोडणं, २ तास ५० मिनिटं. मधे डोळ्याला हात लावला. पुढची २५ मिनिटं नोंद नाही. एका बाईने पदराला दूध लावून डोळा पुसून दिला, ती कोण होती तेही दिसलं नाही. नंबर लागल्यावर मशीनसमोर उभा, १२ मिनिटं. शेवटची चिमूट पडेपर्यंत नजर काढली नाही. शीला म्हणाली, साहेब, पापनी तरी लववा.

माझा बोर्ड सापडला. पालथा घालून त्याच्यावर दोघी जणी बसल्या होत्या.

४ मे, रविवार
उज्ज्वलाचं लग्न. जेवण उत्तम. तिखट बरोबर होतं, असं सगळे म्हणाले. म्हणजे कोणी काहीच म्हणालं नाही.

नवरीच्या सामानात डबा ठेवण्याआधी बिजलीबाईने पुन्हा चिमूटभर जिभेला लावली. मी तेवढा वेळ श्वास घेतला नव्हता असं ममता म्हणते. बिजलीबाई म्हणाली, होय, माह्यंच. मग मला म्हणाली, जवाईबापू, तुमाले बसता चांगलं येते.

लेखी अभिप्राय मागितला होता. तोंडी मिळाला.

१२ मे, सोमवार
बुद्धपौर्णिमा. खीर झाली. घरात सध्या तेवढाच एक पदार्थ सुरक्षित आहे. मी एकत्र काढलेला तो घाणा आमच्याकडे आला आहे. कोणीच आपला वाटा ठेवून घेतला नाही, विठ्ठलरावांनीही उरलेला परत केला, सगळ्यांना सासूबाईंनी नवीन करून दिलं. ममताचा अंदाज, दोन वर्षं पुरेल. चव सांगता येत नाही. भाजी पहिल्या घासाला तिखट लागत नाही आणि तिसऱ्याला बसू देत नाही.

२० मे, मंगळवार
नवीन सेवा सुरू झाली आहे. ज्या बायकांना कामामुळे थांबता येत नाही त्या सासूबाईंना विचारतात, तुमचे जवाई बसतीन का. मी बसतो. आज तिघींसाठी बसलो. तांड्याची आठही घरं येऊन गेली. त्यातल्या दोघी बाजाराला गेल्या आणि पोतं माझ्यासमोर ठेवून गेल्या. या सेवेला नाव द्यायला हवं. सुचत नाही.

मोबाइलही वाजायला लागला. कार्डांचा परिणाम. आज अकरा फोन. नऊ जणींनी विचारलं लाइन आहे का, म्हणजे वीज आहे का. एकीने विचारलं गर्दी आहे का. एकीने विचारलं, माझा स्टीलचा डबा तिकडे राहिला का. राहिला होता.

माझ्या बिझनेसबद्दल: शून्य.

१ जून, रविवार
संघर्ष आला. लोहाऱ्याची जागा अजून रिकामी आहे. त्याने मला समजावलं नाही, उपदेश केला नाही, फक्त फॉर्म टेबलावर ठेवला आणि जेवायला बसला. भाजीचा तिसरा घास घेऊन तो जे काही म्हणाला ते लिहीत नाही.

मी फॉर्म भरला. अनुभव: ऑपरेशन्स. ममताने पेन घेऊन ते खोडलं आणि गेटपास लिहिलं.

अजून सहा दिवस आहेत. सहा दिवसांत काहीही होऊ शकतं.

७ जून, शनिवार. मिरग.
सकाळपासून आभाळ भरून आहे. पाणी यायच्या आत कांडून घ्यायले सगळ्या बाया आज येऊन राह्यल्या. ताडपत्रीवर जागा नाही, दुसरी आणून हातरली. उद्या मशीन बंद, मुसळांले तेल लावून ठेवू, मग थेट दिवाळीनंतर. यंदा बाया गेल्या वर्षीपेक्षा जास्त आल्या म्हणते शीला. श्रेय कोणाचं ते लिहिणार होतो. राह्यलं.

प्रमाण भाषेचं आज काही खरं नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीनं यवतमाळ. ममतानं दोन शर्ट इस्त्री करून ठेवले, डब्याले ठेचा देऊ का म्हणे. मी म्हटलं दे. समोरच्या खोलीचा बोर्ड काढला. सासूबाई म्हणे टिन चांगलं आहे, शेडले लावू, तिथं गळते.

आता ताडपत्रीवर बसूनच लिहून राह्यलो. समोर चार पोते आहेत, चारही दुसऱ्याचे.

११.२० ले फोन आला. नवीन नंबर. बाप्या माणूस. म्हणे, अश्वजित बिझनेस सोल्युशन्स का? पूर्ण नाव घेतलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणी पूर्ण नाव घेतलं. मी उठून उभा राह्यलो, रुमाल काढला, घसा साफ केला आणि पुण्याच्या आवाजात म्हटलं, बोला, मी आपली काय मदत करू शकतो.

म्हणे, थांबा, कार्ड पलटवतो. मागच्या बाजूनं लिहून आहे, कांताबाईचं कांडप. आमची चार किलो आहे. लाइन आहे काय? घरची म्हणते, बसाले जागा आहे का ते पण विचारा.

मी झाडाखाली पाह्यलं.

म्हटलं, लाइन आहे. या. बसाले जागा आहे.

म्हणे, बरं. तुम्ही कोन बोलून राह्यले?

मी म्हटलं, जवाई.